नारळ फोडायचा दगड

छत्रपती संभाजीनगर
४ ऑक्टोबर २०२५

चि. अतुल,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, हे तुझा फोटो दिसेनासा झाला तेव्हा कळलं. फोटोत तू तसाही बघण्यासारखा नव्हतास. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पत्त्यावर तुझ्या नावाखाली 'बसस्टँडसमोर, रंगीत दगड विकणारा, फर्दापूर' एवढंच लिहिते. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटकांना दगड विकणारे पुष्कळ असतील, पण घरच्यांशी वर्षानुवर्षं न बोलणारा दगड एकच असेल. पोस्टमनला अडचण येऊ नये.

आशीर्वाद नेहमीचे, म्हणजे कामापुरते. आता काम सांगते.

मशीन बंद पडलं.

कुठलं म्हणून विचारू नकोस. अण्णांच्या व्हिडिओ गेम पार्लरमधली चार मशीनं दादानं त्यांचं तेरावं उरकल्यावर भंगारात घातली. पाचवं, विमानांचं, आई टेम्पोसमोर उभी राहिली म्हणून वाचलं. दुकानाच्या जागी दादानं त्याच्या पुढाऱ्याचं, भाऊंचं, जनसंपर्क कार्यालय थाटलं, वरच्या घरात अण्णांच्या फोटोच्या वर भाऊंचा फोटो टांगला, आणि तू 'हा फोटो उतरेपर्यंत या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही' म्हणून बॅग उचललीस. दोघंही शूर. मी तेव्हापासून तुम्हा दोघांकडे एकाच नजरेनं बघते, ताटात केस निघाल्यावर बघतात तसं.

तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ते मशीन आईच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामध्ये उभं आहे. दुपारी जेवण झालं की ती पदर खोचते, स्टूल ओढते आणि शत्रूची विमानं पाडायला बसते. अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे तिला. डॉक्टरांनी सांगितलं, आजी, डोळ्यांना ताण देऊ नका. तिनं विचारलं, "मग मोतीबिंदू काढला कशाला?"

आपल्या पार्लरात ती देवगाव रंगारीचं नऊवारी लुगडं नेसून गल्ल्यावर बसायची, ते तुला माझ्याइतकंच आठवत असणार. नाणं टाकायच्या फटीपाशी स्वयंपाकाचा गॅस-लायटर टकटकवला की फुकटचा डाव मिळतो, हा शोध क्रांती चौकातल्या पोरांनी लावला. लायटर जप्त करायचा शोध आईनं लावला. आपल्या घरी लायटर कधी विकत आणला नाही.

तर परवा दसरा. तिनं मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नाण्याच्या फटीत आपट्याचं पान खोचलं. नारळ फोडला तो मात्र दगडावर. अण्णांचा नियम तिनं अजून मोडलेला नाही. पार्लरच्या उद्घाटनाला साहेबरावमामांनी भक्तिभावानं मशीनवरच नारळ फोडला होता, पाणी विमान वळवायच्या दांड्याच्या भोकातून आत गेलं आणि विमान संध्याकाळपर्यंत स्वतःभोवती गिरक्या घेत राहिलं. त्या दिवसापासून अण्णांनी गल्ल्याखाली एक काळा दगड ठेवला. नवीन मशीन आलं की म्हणायचे, "आधी दगड काढा, मग देव काढा." तो जुना दगड कार्यालयाच्या खोदकामात कुठं गेला देव जाणे. आई आता पाट्यावर भागवते.

नारळ फुटला, तिनं बटण दाबलं, आणि आतून करपल्याचा वास आला. पडदा काळा. तिनं हार काढला, पुन्हा घातला, पुन्हा बटण दाबलं. मग मला फोन.

"अतल्याला कळव."

"आई, तो येणार नाही."

"येतो का म्हणून कुठं इचारलं मी? कळव म्हणलं."

कळवलं. दादानं अजून त्याकडे लक्ष दिलेलं नाही. त्याचं लक्ष जाण्याआधी ये आणि अण्णांनी शिकवलंय तसं दुरुस्त करून जा. फोटोखालून जायचं नसेल तर मागच्या जिन्यानं ये. तिथं भाऊ नाहीत, फक्त पाण्याचे ड्रम आहेत.

मंजूताई


१३ ऑक्टोबर २०२५

चि. अतुल,

तुझं उत्तर नाही. दादाचं लक्ष मात्र गेलं.

आधी मी एक टीव्हीवाला आणला होता. पाठ उघडून त्यानं बॅटरी मारली आणि म्हणाला, "काकू, पिक्चर ट्यूब चांगली आहे, बोर्ड पण ठीक आहे, सप्लाय गेलाय. पण आता हे कोण करत बसतं? एलसीडी लावा, आत चायनाची एक पेटी टाका. तीन हजार गेम येतात."

आई म्हणाली, "मला तीन हजार कशाला? मला एकच येतो."

तो हसला आणि चहा पिऊन गेला. चहाच्या वासानं दादा वर आला. मशीनची उघडी पाठ बघून तो ज्या पद्धतीनं थबकला, ते थबकणं मी ओळखते. रिकामा प्लॉट दिसला की त्याची मान अशीच कलते.

"मंजे, सुन तो. सोळा नोव्हेंबरला भाऊंचा वाढदिवस आहे."

"मग?"

"सगळे केक आणतेत, हार आणतेत, जेसीबीनं फुलं उधळतेत. आपण गेम द्यायचा. भाऊंचा गेम! ह्या डब्यात नवा स्क्रीन, नवा बोर्ड. त्यात भाऊ पळतेत, उड्या मारतेत, विकास करतेत. अख्ख्या मराठवाड्यात कोणी नाय केलं असं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण दादाला चेष्टा येत नाही. येत असती तर त्यानं स्वतःचे फ्लेक्स लावले नसते.

त्याच्या डोक्यातला गेम असा आहे बघ. पडद्यावर छोटे भाऊ, पांढरा सदरा, गॉगल. विरोधक रस्त्यात खड्डे खणून ठेवतात, भाऊ त्यावरून उडी मारतात. हवेत लटकलेल्या डब्याला डोकं लागलं की नळाला पाणी येतं. आणखी एक उडी, की पथदिवा. प्रत्येक वेळी आतून आवाज, "भाऊ, तुम्ही पुढं चला!" आपल्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं. भाऊंनी उड्या कमी केल्या असाव्यात.

महापालिकेच्या निवडणुका तोंडावर आहेत आणि दादाला वॉर्डाचं तिकीट हवंय. एवढ्या कारणासाठी आईचं मशीन पोखरून त्यात एका माणसाचं थोबाड बसवायचं. मला शिसारी आली, आणि मी ती व्यवस्थित शब्दांत सांगितली. तो म्हणाला, "तू बँकेतली बाई, तुला पॉलिटिक्स काय कळतं?" खरं आहे. बँकेत दुसऱ्याची वस्तू गहाण टाकायची तर निदान त्याची सही लागते.

आईला त्यानं काय सांगितलं माहीत आहे? "दुरुस्तीला नेतो." म्हातारीनं खूश होऊन स्वतः मशीन पुसून दिलं. वर त्याला बजावलं, "ट्यूबला हात लावू देऊ नको कुणाला. बंद असली तरी झटका मारती." दादा म्हणाला, "नाय नाय, एकदम सेफ हाय."

परवा टेम्पो येणार आहे. यायचं असेल तर आत्ता. मागच्या वेळी आई टेम्पोसमोर उभी राहिली. या वेळी तीच मशीन चढवून देणार आहे.

मंजूताई


२५ ऑक्टोबर २०२५

अतुल,

भाऊबीज झाली. दोन पाट मांडले होते. दादा आला, ओवाळून घेतलं, आणि ताटात पाकीट टाकलं. पाकिटावर भाऊंचा हसरा फोटो, दिवाळीच्या शुभेच्छांसह. ओवाळणीच्या पाकिटावर ज्या घरात तिसऱ्याच माणसाचा फोटो असतो, त्या घरात 'भाऊ' कोण हा प्रश्न सुटलेला असतो. दुसऱ्या पाटावर कुणी बसलं नाही. आईनं तो उचलूही दिला नाही. दिवसभर आम्ही त्याला वळसा घालून चाललो.

मशीन गेलं. चिकलठाण्याला आकाश नावाच्या इव्हेंटवाल्याच्या शेडमध्ये आहे. मी त्याला फोन केला. मुलगा गोड बोलतो, गुळाच्या ढेपेवरची माशी बोलू शकली तर अशीच बोलेल.

"ताई, टेन्शन नका घेऊ. विंटेज लुक तसाच ठेवणार. फक्त इंटर्नल सगळं चेंज."

"इंटर्नल म्हणजे काय काय काढणार?"

"काढलं पण. कारागीर लई भारी हाय आपला. बाहेरगावचा हाय, पण हात असा चालतो की बस्स. जुनं मशीन पाह्यलं अन् अर्धा तास नुसता हात फिरवत बसला."

"जुनं सामान कुठंय?"

"ते मला नाय माहीत ताई. भंगारात गेलं असेल."

म्हणजे संपलं. तीस वर्षं जी ट्यूब अण्णांनी सांभाळली, एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हातानं जिची धूळ पुसली, ती कुण्या बाहेरगावच्या भाडोत्री माणसानं उचकटून फेकली. दोन हात लावले की करंट छातीतून जातो, म्हणून एक हात खिशात, हे अण्णांनी आपल्याला अक्षर ओळखण्याआधी शिकवलं होतं. त्या कारागिराला कुणी शिकवलं नसेल तर बरं, असं माझ्या मनात आलं. मी काही संत नाही.

आईच्या खोलीत आता मशीनच्या जागी दादानं मोठा टीव्ही लावून दिलाय. आई त्याच्याकडे पाठ करून बसते. विचारलं तर म्हणते, "त्यो आपल्या आपण चालतो. त्यात मी काय करू?"

दुरुस्ती कधी होणार, रोज विचारते. तिला खरं सांगायचं काम दादाचं. तो म्हणतो, सरप्राइज आहे.

मंजूताई


५ नोव्हेंबर २०२५

अतुल,

एकही पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचतात. म्हणजे तू वाचतोस, किंवा पर्यटकांचे दगड त्यात गुंडाळतोस. कुण्या परदेशी बाईच्या टेबलावर आपल्या घरची लक्तरं पोचली असतील तर कळव. निदान कुणीतरी वाचलं याचं समाधान.

मंजूताई


१७ नोव्हेंबर २०२५

अतुल,

काल वाढदिवस झाला. अंगातली किळस उतरायच्या आत लिहून काढते.

मंगल कार्यालय खच्चून भरलेलं. दारात पंधरा फुटी भाऊ, आत वीस फुटी भाऊ, आणि मधून चालत आलेले खरे भाऊ इतके बुटके वाटले की मला क्षणभर त्यांची दया आली. लगेच गेली. आई पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल, मांडीवर श्रीफळ. 'ज्येष्ठ मातृशक्ती' म्हणून तिचा सत्कार झाला. मातृशक्तीनं मला हळूच विचारलं, "मशीन कुठंय?"

स्टेजवर झाकलेलं होतं. त्याच्यापुढं सजवलेलं टेबल, टेबलावर ताट, निरांजन, नारळ आणि एक काळाभोर दगड. ओबडधोबड, दोन मुठींएवढा, एका अंगाला धार असलेला. आकाशला विचारलं तर म्हणाला, "मशीनसोबतच आलाय ताई. कारागीर म्हणला, मशीनजवळ ठेवाच. मला काय माहीत कशाला. थीम असेल."

थीम! बघता बघता कुण्या कार्यकर्त्यानं त्या दगडाला शेंदूर लावला. दुसऱ्यानं फूल वाहिलं. मग रांगच लागली. स्टेजवर चढणारा प्रत्येक जण आधी दगडाला हात जोडत होता, मग भाऊंना. एकानं मोबाइलवर फोटो काढून बायकोला दर्शन पाठवलं. भाऊंनी स्वतः वाकून नमस्कार केला. दगडानं काही प्रतिक्रिया दिली नाही. संपूर्ण कार्यक्रमात सभ्य वागलेला तो एकटाच.

मग पडदा ओढला. अण्णांचं मशीन भगव्या-सोनेरी चकचकीत कागदात गुंडाळलेलं, दोन्ही अंगांना भाऊ, कपाळावर भाऊ. आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे आपलं नाय."

"आपलंच आहे आई."

सहा वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. अण्णा गेले तेव्हाही नव्हता.

"भाऊंच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून!" निवेदिका किंचाळली. भाऊंनी नारळ उचलला आणि मशीनकडे वळले. आणि आई उभी राहिली.

"दगडावर फोड रं! दगडावर!"

डीजे चालू होता. बाजूच्या माणसांना वाटलं म्हातारी जयघोष करतेय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे बघ. फोडायचा दगड पुजला, आणि पुजायच्या मशीनवर फोडला. बटणांच्या पट्टीच्या कोपऱ्यावर, ठण्ण, ठण्ण, आणि तिसऱ्याला फुटला. पाणी बटणांमधून, दांड्याच्या भोकातून सरळ आत. साहेबरावमामांचा आत्मा जिथं असेल तिथं हसला असेल. भाऊंनी पाण्याच्या हातानंच दांडा धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

पडद्यावरचे छोटे भाऊ वळले. उलटे. पाठमोरे पळत सुटले आणि मागच्या खड्ड्यात पडले. "भाऊ, तुम्ही पुढं चला!" नवे भाऊ आले, तेही उलटे, तेही खड्ड्यात. "भाऊ, तुम्ही पुढं चला!" भाऊंनी दांडा सोडला तरी भाऊ पळतच होते. पुढं बसलेली पोरं आधी खुदखुदली, मग प्रत्येक वेळी एका सुरात ओरडू लागली, "गेले!" मग मोठी माणसंही, तोंडावर रुमाल धरून.

आकाशनं धावत जाऊन प्लग ओढला. डीजे बंद पडला. मशीन नाही पडलं. मान्यवरांसमोर लाइट गेली तर नाचक्की नको, म्हणून दादानं मुद्दाम त्याला यूपीएस लावला होता. आता त्या सबंध शांत मंगल कार्यालयात एकच आवाज. भाऊ, तुम्ही पुढं चला. गेले! भाऊ, तुम्ही पुढं चला. गेले!

भाऊंनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "शिवराज, छान केलंस." आणि उतरून गेले. दादाचा चेहरा फुटक्या नारळाच्या करवंटीसारखा झाला होता, आत काही नाही, वरून केस. सख्खा भाऊ असता तर वाईट वाटलं असतं, असं म्हणायला जावं तर तो आहेच. थोडं वाटलं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आई तशीच उभी होती. तिला घरी आणायला मी हात धरला, तर म्हणाली, "तो दगड घे."

"कशाला?"

"घे म्हणलं ना."

घेतला. शेंदराचे हात अजून धुतले जात नाहीत.

मंजूताई


२३ नोव्हेंबर २०२५

अतुल,

चि. भाऊबिजेपासूनच गळलंय, पण या वेळी ते मुद्दाम लावलेलं नाही.

शुक्रवारी बँकेतून लवकर निघाले आणि चिकलठाण्याला आकाशच्या शेडमध्ये गेले. मशीन परत मागायचं होतं. भाऊंच्या माणसांनी ते त्याच दिवशी मंगल कार्यालयाच्या मागं, खरकट्या पत्रावळ्यांशेजारी आणून टाकलं होतं, तिथून आकाशनं उचललं. दादा म्हणतो भंगारात घाल. आकाशनं त्यातला स्वतःचा स्क्रीन काढून घेतला. पुढं चौकोनी भोक आहे. दात काढलेल्या तोंडासारखं दिसतं.

"कारागिराला बोलावून घे," मी म्हणाले. "हे पूर्ववत करून दे म्हणावं."

"ताई, ते आता फर्दापूरला गेले. अतुलमामा. दगडांचं दुकान हाय त्यांचं."

मी खाली बसले. एका उलट्या बादलीवर बसले, ती ऑइलची निघाली. साडी गेली. तीही तुझ्या खात्यावर.

"इथं आले होते ते?"

"मंग? चांगले आठवडाभर. दिवाळीतच. इथंच झोपायचे, त्या कोपऱ्यात. मी म्हणलं मामा, भाऊबीज हाय, घरी नाय जायचं का? तर म्हणले, गावात कोणी नाही."

गावात कोणी नाही.

मी पाट मांडून बसले होते. आई उचलू देत नव्हती. आणि तू रिक्षानं वीस मिनिटांवर, त्याच माणसाचा चेहरा, ज्याचा फोटो भिंतीवर आहे म्हणून तू आईला टाकून गेलास, तोच चेहरा अण्णांच्या मशीनमध्ये बसवत होतास! मी ज्या कारागिराला झटका बसावा म्हणून मनात म्हणत होते, तो तू. दादाची मला किळस येते, पण त्यात नवीन काही नाही, तो उघड्यावर बसतो. तू आडोसा करून बसलास. त्या वासाची सवय व्हायला मला वेळ लागेल.

आकाश घाबरला होता. म्हणाला, "ताई, त्यांनी एक सामान ठेवलंय. फेकू नका म्हणले होते. मी तुम्हाला भंगारात गेलं म्हणलो, पण नंतर दिसलं." त्यानं कोपऱ्यातून एक गाठोडं काढलं. आईची गोधडी. जांभळ्या लुगड्याची, लाल काठ मधोमध जोडलेली, जाताना तू नेलेली. आत ट्यूब. बाजूला जुना बोर्ड, स्वच्छ पुसलेला, प्रत्येक वायरीला टिकली चिकटवलेली, कुठली कुठं जाते ते कळावं म्हणून.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. 'दुसऱ्या कुणी केलं असतं तर फोडून फेकलं असतं, म्हणून मी घेतलं.' असेल. खरंही असेल. पण हे वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, टिकल्यांवरून वाचायचं नाही. ट्यूबला गोधडी. आईला काय रे?

मी ट्यूब मांडीवर घेऊन रिक्षानं आले. प्रत्येक खड्ड्याला मला भाऊंची आठवण आली.

ठरवलं होतं, आईला यातलं काही सांगायचं नाही. गोधडी पण रिक्षातच सोडवून पिशवीत कोंबली. घरी आले तर ती त्या दगडाचा शेंदूर घासत बसली होती, भांड्याच्या काथ्यानं. वर न बघता म्हणाली, "सापडला का?"

"कोण?"

"उगं येडी होऊ नको, मंजे. नारळ फोडायला दगड लागतो हे त्या मांडवात कुणाला ठाऊक व्हतं? मी, तू, शिवराज. शिवराजला ठाऊक असून त्याला तोंड उघडायचं सुचलं नाय. तू तर नाय ठेवला. मंग राहिलं कोण?"

"तुला तेव्हाच कळलं?"

"दगड बघितला तेव्हाच कळलं. म्हणून तर वरडले. त्यानं आठवणीनं दिला अन् ह्यांनी त्याला शेंदूर फासला."

मग मी पिशवीतून गोधडी काढली. दुसरं काय करणार? तिनं उलटसुलट करून बघितली, एका ठिकाणी टाका उसवला होता तिथं बोट घातलं. रडली नाही. म्हणाली, "धुतली नाय त्यानं ही सहा वर्षांत." आणि नाकाशी धरली.

मशीन तिच्या खोलीत परत आणलंय. टीव्ही दादाच्या खोलीत गेला. तो आता दिवसभर घरीच असतो. भाऊंनी संपर्क कार्यालय दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या शिवराजकडं हलवलं. तिकीटही तिकडंच. परवा दुपारी दादानं स्वतः स्टूल घेतलं आणि भाऊंचा फोटो उतरवला. भिंतीला पांढरा चौकोन आणि खिळा उरलाय. तेव्हा तुझी अट पूर्ण झाली, कुणाच्याही पराक्रमाशिवाय. आता नवी कुठली काढतोस ते बघायचं.

आईचा निरोप. तिनं सांगितला तसा लिहिते, माझा एक शब्द नाही:

"दगड द्यायला इसरला नाहीस ते बरं केलंस. पण काम अर्धं टाकून गेलास. तुझा बाप उघडलेलं मशीन असं टाकून कधी जेवायला सुद्धा उठला नाय. येऊन पुरं कर. मला दुपारी जागं राहवत नाय त्याच्याबिगर."

ट्यूब तिच्या पलंगावर ठेवलीय, गोधडीवर. कुणाचा धक्का लागू नये म्हणून ती स्वतः खाली निजते. मशीनच्या चौकोनी भोकासमोर स्टूल तसंच आहे, आणि जेवण झालं की ती पदर खोचून तिथं जाऊन बसते. दादा दारातून बघतो आणि निघून जातो. ट्यूबला हात लावायची आम्हा कुणाची हिंमत नाही. बंद असली तरी झटका मारते.

तू लाव. एक हात खिशात ठेव. दुसरा आईच्या पाया पडताना लागेल.

मंजूताई